खोडाळ्याची नागली आणि घरची कणगी

मोखाडा तालुक्यांत खोडाळ्याच्या आसपासची जमीन बहुतेक उताराची व वरकस आहे. अशा जमिनींत पहिल्या वर्षीं नागली, दुसऱ्या वर्षीं वरई, तिसऱ्या वर्षीं खुरासणी घ्यावयाची व मग ती पडीक टाकावयाची, हा या डोंगराळ मुलुखाचा जुना फेर होय. त्यांतून भाकरी, भात व तेल हीं घरच्या घरीं मिळत.

तो फेर आतां मोडत चालला आहे. कारण भावांत शोधूं नये. २०२४-२५ सालीं नागलीचा आधारभाव क्विंटलास ४,२९० रुपये व साधारण भाताचा २,३०० रुपये ठरला होता. खरी अडचण हातांची आहे. राब भाजण्याची तयारी उन्हाळ्यांत, आणि त्याच दिवसांत माणसें दिवाळीपासून भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर गेलेलीं असतात. राब नाहीं तर रोप नाहीं.

राहिलेली उणीव रेशनचा तांदूळ भरून काढतो. २०१३ च्या कायद्यानें प्राधान्य कुटुंबास माणशीं ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळतें. १९९२-९३ सालीं जव्हारमधील वावर-वांगणी येथें बालकें दगावलीं, हें ज्यांस आठवतें ते या धान्यास नांवें ठेवणार नाहींत. आम्हीही ठेवीत नाहीं. परंतु १०० ग्रॅम नागलींत सुमारें ३५० मिलिग्रॅम चुना असतो, सडलेल्या तांदुळांत जेमतेम १०. पोट भरलें तरी बाळंतिणीची व मुलांची हाडें उपाशीच राहतात.

इकडे शहरांत नागलीस मान चढला आहे. २०२३ हें वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनीं भरड धान्यांचेंच म्हणून पाळलें. ज्यांच्या घरीं ती पिकते ते कापणीबरोबर विकून मोकळे होतात. आम्हीही एका वर्षीं असेंच केलें, आणि मृगाच्या तोंडीं बियाण्यासाठीं दारोदार फिरलों. मिळालें तें गरवें. पाऊस लवकर उघडला, उतारावर दाणा भरलाच नाहीं.

मोगऱ्याशीं आमचें वैर नाहीं. त्याच्या फुलांनीं रोकड घरांत येते. पण त्यास पाणी लागतें, तेव्हां तो विहिरीजवळ लावावा व उतार नागलीस राहूं द्यावा. नागली कणगींत वर्षानुवर्षें टिकते, तिला कीड सहसा लागत नाहीं. म्हणून कापणीपूर्वींच शेतांत फिरून भरदार कणसें बियाण्यास खुडावीं, पुढील पावसाळा निभेल इतकी नागली मोजून कणगींत घालावी, आणि मगच व्यापाऱ्यास अंगणांत येऊं द्यावें.