गोष्ट लिहिणे हेही काम आहे

शेत कसे नांगरतात, मडके कसे घडवतात, हे आपण डोळ्यांनी पाहतो. पण पुस्तक कसे तयार होते? कागद, शाई, छापखाना हे सारे नंतरचे. त्याआधी कोणीतरी बसून ते लिहावे लागते. ते काम कसे चालते, हे एका बाईंच्या उदाहरणावरून पाहू.

बाईंचे नाव उर्सुला ले ग्विन. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या बर्कली गावी १९२९ साली त्यांचा जन्म झाला. वडील नावाजलेले प्राध्यापक. तिथल्या मूळ रहिवाशांच्या चालीरीती, भाषा आणि गोष्टी ते टिपून घेत. त्यामुळे घरात गोष्टींना तोटा नव्हता. अकराव्या वर्षी उर्सुलाने एक गोष्ट लिहून मासिकाकडे धाडली. ती परत आली.

१९५३ साली लग्न झाले. यजमान कॉलेजात इतिहास शिकवीत. पुढे पोर्टलंड शहरात संसार थाटला. तीन मुले झाली. दिवसभर घरकाम आणि पोरांचं करणं. मग लिहायचं कधी? पोरं निजली की बाई लिहायला बसत. यजमानही घरकामाला हात लावीत. एकट्याला दोन माणसांचे काम झेपत नाही, पण दोघे मिळून तिघांचे काम उरकतात, असे बाई म्हणत.

तरी वर्षानुवर्षे त्यांच्या कादंबऱ्या प्रकाशकांकडून परतच येत होत्या. गोष्टीचे पैसे पहिल्यांदा मिळाले ते १९६२ साली. पहिली कादंबरी छापली गेली १९६६ साली. मधल्या काळात त्यांनी लिहिणे सोडले असते, तर पुढचे काहीच झाले नसते.

मग एका प्रकाशकाने विचारले, “वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी एखादे पुस्तक लिहाल का?” बाई आधी कचरल्या. या वयाच्या वाचकांसाठी त्यांनी कधी लिहिले नव्हते. पण मनात एक प्रश्न आला. गोष्टीतला जादूगार नेहमी म्हातारा असतो, पांढऱ्या दाढीचा. पण तोही कधीतरी पोरसवदा असेलच ना? मग तो जादू शिकला कुठे? या एका प्रश्नातून अख्खे पुस्तक निघाले.

कामाला सुरुवात कशी केली, तेही पाहा. बाईंनी एक मोठा कागद घेतला आणि त्यावर नकाशा काढला. समुद्रात शेकडो बेटे. प्रत्येक बेटाला नाव. कोणत्या बेटावरून कोणत्या बेटाकडे नाव कशी जाईल, हे आधी ठरले. गोष्ट खोटी असली तरी तिच्यातली वाट चुकता कामा नये. घर बांधण्याआधी गवंडी आखणी करतो, तसेच हे.

ते पुस्तक १९६८ साली निघाले. नाव ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’. त्यातला नायक गेड हा कांस्यकाम करणाऱ्याचा पोर. आई लहानपणीच वारलेली. तो शेळ्या राखतो. मावशी त्याला मंत्राचे पहिले शब्द शिकवते. त्या जगात प्रत्येक वस्तूला एक खरे नाव असते. ते नाव ज्याला कळले, त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. गेड शिकतो, हुशार होतो, आणि गर्वाच्या भरात एक काळी सावली मोकळी सोडतो. ती त्याच्या पाठीस लागते. पळून पळून थकल्यावर तो उलटा फिरतो आणि तिला सामोरा जातो. सावली हरते ती तलवारीने नव्हे, तर नाव उच्चारल्याने.

या पुस्तकात आणखी एक गोष्ट बाईंनी मुद्दाम केली. त्यांचा गेड तांबूस सावळा आहे. त्याचा जिवलग मित्र काळा आहे. शूर माणूस गोराच असतो, असे त्या देशातल्या पुस्तकांतून मुलांच्या मनावर ठसत होते. ते त्यांना मान्य नव्हते. पण पुढे कित्येक मुखपृष्ठांवर गेड गोराच काढला गेला. २००४ साली दूरदर्शनसाठी चित्रपट झाला, त्यातही तेच झाले. बाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी लेख लिहून उघड निषेध केला.

या मालिकेतल्या तिसऱ्या पुस्तकाला १९७३ साली अमेरिकेतले मोठे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. तरी कामाची शिस्त सुटली नाही. पहाटे साडेपाचला जागे व्हावे, पडल्या पडल्या विचार करावा, भरपूर न्याहारी करावी आणि सव्वासातपासून दुपारपर्यंत लिहावे, असा दिवस त्यांना आवडे. दुपारी वाचन. मग पत्रांना उत्तरे. २०१८ साली, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्या वारल्या. २०२१ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांचे चित्र असलेले तिकीट काढले.

आता आपल्याकडे वळू. तुम्ही स्वतःचे नाव पहिल्यांदा लिहिलेत, तो दिवस आठवा. अंगठ्याच्या जागी सही आली. कागदावर काय लिहिले आहे ते दुसऱ्याला विचारण्याची गरज उरली नाही. नाव ओळखण्यात बळ असते, ते हेच.

तुमच्या घरातही आजीने सांगितलेली एखादी गोष्ट असेलच. ती कोणी लिहून ठेवली आहे का? नसेल तर एक वही घ्या. रोज पाच ओळी लिहा. काही खोडावे लागेल, काही पुन्हा लिहावे लागेल. त्याची लाज वाटू देऊ नका.