पांखरांच्या शिकारीचें काडतूस

बंदुकीच्या शिकारीची गोष्ट निघाली कीं, आपलें लक्ष शिकाऱ्याच्या डोळ्याकडे आणि हाताकडे जातें. परंतु ज्या पांखरावर बार निघावयाचा, त्याच्या दृष्टीनें तिसरी एक गोष्ट तितकीच महत्त्वाची असते. ती म्हणजे काडतूस. तें नीट निवडलेलें असेल तर पांखराला क्षणांत मरण येतें. नसेल तर तें जखमी होऊन झुडपांत नाहींसें होतें आणि तडफडून मरतें. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीवर कडक निर्बंध आले व १९९१ च्या दुरुस्तीनें ती बंदच झाली. अमेरिकेंत मात्र परवाना, हंगाम आणि संख्येची मर्यादा पाळून ती आजही चालते. म्हणून आजचें विवेचन तेथील शिकारीसंबंधीं आहे.

गवतांत, शेताच्या बांधावर व झुडपांत राहणारीं हीं पांखरें: बॉबव्हाइट लावा, ग्राउज आणि फेझंट. यांपैकीं फेझंट मूळचा आशियांतला. शांघाय येथील अमेरिकन कॉन्सल ओवेन डेनी यांनीं १८८२ सालीं चीनमधून ऑरेगॉनला धाडलेले पक्षी तेथें रुजले. दक्षिण डाकोटा राज्यांत १९१९ सालीं त्यांच्या शिकारीचा पहिला हंगाम झाला, आणि १९४३ सालीं फेझंट हाच त्या राज्याचा मानचिन्ह-पक्षी ठरला.

बारा बोअरची बंदूक हा शब्द आपल्याकडेही परिचित आहे. त्याचा अर्थ असा कीं, त्या नळींत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचें वजन एक पौंड भरतें. वीस बोअरच्या गोळ्या पौंडास वीस लागतात. अर्थात् आंकडा जितका मोठा तितकी नळी अरुंद. छर्ऱ्यांचे नंबरही असेच उलटे चालतात. अमेरिकन छर्ऱ्याचा नंबर सतरांतून वजा करावा, म्हणजे इंचाच्या शतांशांत त्याचा व्यास मिळतो. सहा नंबरचा छर्रा ०.११ इंच, तर आठ नंबरचा ०.०९ इंच. शिशाच्या एका औंसांत चार नंबरचे सुमारें १३५, सहाचे २२५, साडेसाताचे ३५० आणि आठाचे ४१० छर्रे भरतात.

निवडीचा सारा प्रश्न येथेंच उभा राहतो. बारीक छर्रे पुष्कळ असल्यानें त्यांचें जाळें दाट पडतें. पण हलके असल्यानें त्यांचा वेग लवकर ओसरतो. मोठे छर्रे दूरवर खोल शिरतात. परंतु थोडे असल्यानें त्यांच्या जाळ्यांत मोकळ्या जागा राहतात. बॉबव्हाइट लावा जेमतेम सहा औंसांचा, आणि तो पायाजवळूनच उडतो. त्यास साडेसात किंवा आठ नंबर पुरतो. फेझंटचा नर अडीच-तीन पौंडांचा, दाट पिसांचा, व बहुधा पाठ करून दूर जाणारा. त्यासाठीं चार ते सहा नंबर हवा. लाव्याचें काडतूस दूरच्या फेझंटवर झाडणें म्हणजे त्याला मारणें नव्हे, घायाळ करणें होय.

नळीचें तोंड किती आवळलेलें आहे, यावरही छर्ऱ्यांचा पसारा अवलंबून असतो. या आवळण्यास चोक म्हणतात. चाळीस यार्डांवर कागद लावून तीस इंच व्यासाच्या वर्तुळांत किती छर्रे पडले तें मोजावें. पूर्ण चोकनें साधारण सत्तर टक्के व मध्यम चोकनें साठ टक्के पडतात. हंगामापूर्वीं ही परीक्षा घेणारा शिकारी अंदाजावर विसंबत नाहीं.

धातूचाही विचार करावयास हवा. जमिनीवर पडलेले शिशाचे छर्रे पक्षी खडे समजून गिळतात व विषबाधेनें मरतात. म्हणून १९९१ पासून अमेरिकेंत पाणपक्ष्यांच्या शिकारींत शिसें बंद झालें, आणि कॅलिफोर्नियांत १ जुलै २०१९ पासून सर्वच शिकारींत. पोलाद शिशाहून हलकें असल्यानें दोन नंबर मोठा छर्रा घेतात: शिशाचा सहा असेल तेथें पोलादाचा चार.

आतां रिकाम्या पुंगळ्या घरीं पुन्हां भरण्याविषयीं. काटकसर व मनाजोगतें काडतूस यांसाठीं अनेक शिकारी हें करतात. लहानशा हातयंत्रावर जुनी टोपी काढून नवी बसवावयाची, मग दारू, तीवर प्लॅस्टिकची वाटी असलेलें बूच, त्यांत छर्रे, आणि शेवटीं पुंगळीचें तोंड दुमडावयाचें. कृति सोपी दिसते. पण पुंगळी, टोपी, दारू, बूच व छर्रे हीं पांचही दारू बनविणाऱ्याच्या कोष्टकांत एकत्र तपासलेलीं असतात, आणि एक बदललें कीं दाब बदलतो. पावणेतीन इंची बारा बोअरच्या काडतुसास दाबाची मर्यादा दर चौरस इंचास ११,५०० पौंड आहे. दारूचें माप तराजूवर ग्रेनांत पडताळावें, एका पुंगळींत दोनदां दारू पडूं देऊं नये, आणि शिशासाठींचें कोष्टक पोलादास कधींही लावूं नये.

आणखी एक धोका लक्षांत ठेवावा. वीस बोअरचें काडतूस चुकून बारा बोअरच्या बंदुकींत गेलें तर तें पुढें सरकून नळींत अडकतें. बंदूक रिकामी भासते. मागून बाराचें काडतूस घालून बार काढला तर नळी फुटते. म्हणूनच अमेरिकेंत वीस बोअरचीं काडतुसें पिवळ्या रंगाचीं करतात. भरलेलीं काडतुसें निरनिराळ्या पेट्यांत ठेवून त्यांवर तपशील लिहावा.

तात्पर्य, पांखरूं कोणतें, अंतर किती आणि आपली नळी कशी, हे तीन प्रश्न आधीं सोडवावे, आणि मगच छर्रा निवडावा. अंतर फार वाटलें तर बोट चापावरून काढावें. न झाडलेला बार वांया जात नाहीं. अंदाजानें झाडलेला मात्र बहुधा एखाद्या मुक्या जीवाच्या यातनांचें कारण होतो.