कोलकात्यात चिपचा कारखाना: करार आणि अफवा

21 सप्टेंबर 2024 रोजी मोदी-बायडेन भेटीनंतरच्या संयुक्त निवेदनात ‘ग्लोबलफाउंड्रीज कोलकाता पॉवर सेंटर’चे नाव आले. कोलकात्याजवळच्या बजबजसारख्या, ताग गिरण्या आणि तेलाच्या टाक्या मिरवणाऱ्या जुन्या उद्योगपट्ट्यात नव्या कारखान्याची बातमी हवीच असते. ‘कोलकात्यात चिप बनणार’ हे समीकरण लगेच जुळले.

निवेदनात मात्र या केंद्राबाबत चिपनिर्मितीतील संशोधन आणि विकासाचा उल्लेख आहे.

गोंधळाचे मूळ त्याच निवेदनात आहे. भारत सेमी, थर्डआयटेक आणि अमेरिकी स्पेस फोर्स यांच्या भागीदारीतला फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, ही वेगळी घोषणा होती. तिथे इन्फ्रारेड, गॅलियम नायट्राइड आणि सिलिकॉन कार्बाइडच्या चिप बनायच्या आहेत. दोन बातम्यांची खिचडी झाली.

कोलकात्यातून संगणकाचा प्रोसेसर निघणे तर आणखी दूर. ग्लोबलफाउंड्रीज ही 2009 मध्ये प्रोसेसर कंपनी एएमडीच्या कारखान्यांतून वेगळी झालेली कंपनी. 2018 मध्ये तिने 7 नॅनोमीटरचे काम थांबवले आणि एएमडी त्यासाठी तैवानच्या टीएसएमसीकडे गेली.

प्रोसेसरच्या आराखड्याची भारतीय भागीदारी पाहायची तर पुण्याच्या सी-डॅक या संस्थेकडे वळावे लागते. महासंगणकांसाठीच्या ‘औम’ प्रोसेसरसाठी तिने मॉसचिप आणि जपानच्या सोशियोनेक्स्टशी हात मिळवला. गाभा आर्मचा, निर्मिती टीएसएमसीच्या 5 नॅनोमीटर तंत्रावर. म्हणजे डिझाइन इथे, भट्टी तिथे.

चिपची बातमी वाचताना आधी पाहावे: डिझाइन, फॅब की पॅकेजिंग?