उतारावर मागून ढकलणारे ओझे

चाकांवरचे घर आपल्याला नवे नाही. दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतात. पातेली, गोधड्या, सरपण, शेळी, तान्ही मुले, सगळे एकाच ट्रॉलीत आणि ती ट्रॉली घाट ओलांडून पश्चिम महाराष्ट्राकडे निघते. अमेरिकेतही चाकांवरची घरे आहेत. त्यांना मोटारहोम म्हणतात. बसच्या किंवा ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेले हे घर. आत पलंग, शेगडी, फ्रीज, संडास, न्हाणी आणि पाण्याच्या टाक्या. पुष्कळदा या घरामागे एक लहान मोटार बांधलेली असते. अशी जोडगाडी घेऊन ही माणसे रॉकी पर्वताचे घाट चढतात आणि उतरतात. चढणीविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. इंजिन तापते, वेग मंदावतो, मागे गाड्यांची रांग लागते, एवढेच. खरी कसोटी उतारावर असते, आणि आज आम्हांला त्या उताराविषयीच लिहायचे आहे.

मोटारहोम म्हणजे श्रीमंतांची चैन, असे वाचकांना वाटेल. ते निम्मेच खरे आहे. निवृत्तीनंतर देश पाहायला निघालेली सुखवस्तू जोडपी त्यात आहेत, तशीच २००८ च्या मंदीत घर गमावलेली आणि पेन्शन पुरत नाही म्हणून म्हातारपणी कामाच्या शोधात फिरणारी माणसेही आहेत. जेसिका ब्रुडर या पत्रकार बाईंनी २०१७ साली ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात त्यांची हकिकत मांडली, पुढे त्यावर चित्रपटही निघाला. ही माणसे सणासुदीच्या दिवसांत गोदामात माल भरतात. ऑक्टोबर लागला की नॉर्थ डाकोटा आणि मिनेसोटा राज्यांत जाऊन साखरेच्या बीटची काढणी करतात, तीही बारा-बारा तासांच्या पाळीने. इथे उसाची साखर, तिथे बीटची. आणि दोन्हीकडे कामगार आपले घर बरोबर घेऊन फिरतो. आम्हांला हे वाचून नवल वाटले नाही.

आता मागे मोटार कशासाठी? मोठे मोटारहोम तीस-चाळीस फुटांचे असते. ते घेऊन बाजारात जाता येत नाही, दवाखान्यात जाता येत नाही, गल्लीत वळवता येत नाही. माँटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात ‘गोइंग टू द सन’ नावाचा डोंगरी रस्ता आहे. त्याच्या मधल्या अवघड भागात २१ फुटांपेक्षा लांब वाहनाला मज्जाव आहे. तेव्हा घर तळावर उभे करायचे, मागची मोटार सोडवायची आणि तिच्यातून पुढे जायचे. मोटार नेण्याचे तीन प्रकार आहेत. पूर्ण गाडी ट्रेलरवर चढवायची. पुढची दोन चाके लहान गाड्यावर ठेवून मागची दोन रस्त्यावर फिरू द्यायची. किंवा चारही चाके रस्त्यावर ठेवून लोखंडी दांड्याने सरळ मागे जोडायची. तिसरा प्रकार सोयीचा म्हणून लोकप्रिय आहे. मात्र प्रत्येक मोटार अशी ओढता येत नाही. काही गाड्यांचा गिअरबॉक्स इंजिन बंद असताना चाके फिरल्याने जळतो, म्हणून गाडीचे पुस्तक आधी वाचावे लागते. शिवाय अशी जोडगाडी मागे घेता येत नाही. मागे घेऊ लागले की ओढलेल्या मोटारीची पुढची चाके भलतीकडे वळतात आणि दांडा वाकतो. वाट चुकली तर भर रस्त्यात उतरून मोटार सोडवावी लागते.

आता हिशेबाकडे येऊ. आम्ही वाणिज्य शाखेचे, यंत्रशास्त्र हा आमचा विषय नव्हे. पण जमा आणि नावे आम्हांला कळते. दहा टनांचे मोटारहोम आणि दीड टनाची मोटार मिळून साडेअकरा टन झाले. कोलोरॅडो राज्यातून जाणाऱ्या ‘आय-७०’ महामार्गावर आयझेनहॉवर बोगदा आहे. तो १९७३ साली खुला झाला, आणि त्याची उंची सुमारे ३,४०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. तेथून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत साधारण १३ किलोमीटरांत रस्ता ७०० मीटर खाली येतो. सर्वांत तीव्र उतार ७ टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे गेले की सात मीटर खाली.

चढताना इंजिनाने डिझेल जाळून जी शक्ती त्या साडेअकरा टनांत जमा केली, ती उतरताना परत निघते. तिला कुठेतरी जिरावेच लागते. थोडी वाऱ्याच्या आणि टायरच्या विरोधात जाते. उरलेली सगळी ब्रेकवर सोडली तर तिची उष्णता होते. किती उष्णता? दोनशे लिटरचे पिंप गार पाण्याने भरून उकळी येईपर्यंत तापवावे, जवळपास तेवढी. एवढी धग हाताएवढ्या ब्रेक-लायनरांवर पंधरा-वीस मिनिटांत ओतली तर काय होईल, हे चुलीशी बसणाऱ्या आमच्या भगिनींना वेगळे सांगायला नको.

लायनर तापले की त्यांची पकड कमी होते. पकड कमी झाली म्हणून माणूस पाय आणखी दाबतो, त्याने ते आणखी तापतात. ज्या गाडीत ब्रेक तेलावर चालतात तिथे तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पायाखालचा पेडल स्पंजासारखा खाली जातो. हवेच्या ब्रेकमध्ये ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून दूर सरतो. बाहेरून पाहणारा म्हणतो, ‘ब्रेक फेल झाले’. वास्तविक बहुतेक वेळा काही तुटलेले नसते. ब्रेक थकलेले असतात.

यावर उपाय शोधणाऱ्याची गोष्ट आमच्या पुण्यातील कामगार वाचकांना आवडेल. डिझेल इंजिने बनवणारे क्लेसी कमिन्स १९३१ साली आपल्या इंजिनाचा ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाले होते. कॅलिफोर्नियातील कहोन खिंड उतरताना ट्रकचे ब्रेक गेले. खाली रस्ता ओलांडून मालगाडी चालली होती. तिचा शेवटचा डबा रुळावरून पुढे सरकला आणि ट्रक थोडक्यात वाचला. कमिन्स ती घटना विसरले नाहीत. पुढे निवृत्तीनंतर त्यांनी इंजिनालाच ब्रेक बनवण्याची युक्ती काढली. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दट्ट्या रेटला तर जोर लागतो, पण हात सोडताच दाबलेली हवा दट्ट्या परत ढकलते. इंजिनातही तसेच होते, त्यामुळे रोखलेला जोर पुन्हा चाकाला मिळतो. कमिन्स म्हणाले, हवा पुरती दाबली गेली की त्याच क्षणी झडप उघडून ती सोडून द्या. मग दाबण्यात खर्च झालेला जोर परत मिळत नाही, आणि उतारावर आपल्याला नेमके तेच हवे असते. ड्रिल मशीनचे चक बनवणाऱ्या जेकब्स कंपनीने १९६१ मध्ये हा ब्रेक बाजारात आणला, म्हणून त्याला ‘जेक ब्रेक’ म्हणतात. कमिन्सच्या नावाची इंजिने पुढे पुण्यात कोथरूडला बनू लागली, तेव्हा हे नाव आपल्याकडच्या कित्येक घरांत पगाराच्या पाकिटावरून ठाऊक आहे.

पण मोठ्या डिझेल मोटारहोमला असा ब्रेक असला तरी मागच्या मोटारीचे काय? तिचे इंजिन बंद, तिच्यात माणूस नाही, तिचे ब्रेक कोण दाबणार? ७ टक्के उतारावर दीड टनाची मोटार शंभर किलोंहून अधिक जोराने सतत मागून ढकलत राहते. वळणावर जोरात ब्रेक लावला तर हाच जोर घराची मागची बाजू आडवी लोटतो. म्हणून मागच्या मोटारीत वेगळे यंत्र बसवतात. पुढच्याने ब्रेक दाबला की ते मागच्या गाडीचा पेडल दाबते. जोड तुटलाच तर एक दोरी ओढली जाऊन मोटारीचे ब्रेक आपोआप लागतात, शिवाय दोन साखळ्या असतातच. ठरावीक वजनापुढे ओढलेल्या वाहनाला स्वतःचे ब्रेक हवेत, असा कायदा तिथल्या बहुतेक राज्यांत आहे. ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी ३,००० पौंड, म्हणजे सुमारे १,३६० किलो आहे. यंत्राला हजार डॉलर किंवा त्याहून अधिक लागतात. सुखवस्तू माणूस ते मुकाट्याने भरतो. बीट काढून पोट भरणारी म्हातारी मात्र जुन्या गाडीचे टायर बदलू की हे यंत्र घेऊ, या पेचात असते. उतार दोघींना सारखाच.

उतरण्याची रीत तिथे मोठ्या वाहनांच्या परवान्याच्या पुस्तकातच दिली आहे. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकायचा, कारण वेग वाढल्यावर तो पडेलच असे नाही. समजा ताशी ४० मैल हा सुरक्षित वेग ठरला. गाडी ४० वर आली की ब्रेक ठामपणे दाबून तीनेक सेकंदांत ३५ वर आणायची आणि पाय पूर्ण उचलायचा. पुन्हा ४० झाले की पुन्हा तसेच. पाय सतत ठेवून घासत उतरायचे नाही. मधल्या वेळात लायनरांना वारा लागतो. आणि वेग दुप्पट झाला की गाडीतला जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो, एवढे ध्यानात ठेवायचे.

तरीही गाडी सुटलीच तर रस्त्याच्या कडेला जागोजाग चढाचे, खडीने भरलेले आडरस्ते ठेवलेले असतात. सुटलेली गाडी त्यात घालायची. खडीत चाके रुततात आणि गाडी थांबते. २५ एप्रिल २०१९ रोजी याच ‘आय-७०’ वर लाकूड भरलेला एक ट्रक ब्रेक गमावून लेकवूड शहराजवळ थांबलेल्या वाहनांवर आदळला. चार माणसे मेली. चालक क्यूबात जन्मलेला, २३ वर्षांचा तरुण. वाटेत आडरस्ता होता, तो त्याने घेतला नाही, हा त्याच्यावरील मुख्य ठपका. डिसेंबर २०२१ मध्ये त्याला ११० वर्षांची शिक्षा झाली. प्रत्येक गुन्ह्याची शिक्षा एकापुढे एक भोगावी, असे कायद्याचे बंधन होते. आपल्या हाती असते तर एवढी दिली नसती, असे न्यायाधीशांनीही बोलून दाखवले. लाखो लोकांनी सह्यांची मोहीम चालवली. ट्रकचालकही त्यात होते. त्याच महिन्याच्या अखेरीस गव्हर्नर जॅरेड पोलिस यांनी शिक्षा दहा वर्षांवर आणली. चार घरे उद्ध्वस्त झाली, त्यांचे दुःख दहा काय नि एकशे दहा काय, भरून येणारे नाही. पण गाडीची देखभाल कोणी करायची, चालकाला घाट उतरायला कोणी शिकवायचे, हे प्रश्न चालकाला तुरुंगात धाडून सुटत नाहीत, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे रेल्वेने हा धडा फार पूर्वी घेतला. कसारा आणि खंडाळा या दोन्ही घाटांत लोहमार्गाचा चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. तरी चढताना बहुतेक गाड्यांना मागे जादा इंजिने लावतात, आणि उतारावर सुटलेली गाडी अडवायला कॅच सायडिंग ठेवलेली असते. रस्त्यावर मात्र डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडून घाट उतरणारे चालक आजही दिसतात. म्हणजे इंजिनाचा ब्रेक आपल्या हाताने सोडून द्यायचा आणि पिंपभर उष्णता लायनरांवर घालायची. त्यांना कोणी लिटरमागे पैसे कापण्याची धमकी दिलेली असते, हेही खरे.

आणि ट्रॅक्टरची ट्रॉली? एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांतल्या अनेकांना स्वतःचे ब्रेक नाहीत, मागे दिवा नाही, जोडाच्या पिनेला साखळी नाही. भरलेल्या ट्रॉल्या ट्रॅक्टरपेक्षा कितीतरी जड. उतारावर त्या ट्रॅक्टरला ढकलतात, वळणावर आडव्या होतात, आणि वर बायका-मुले बसलेली असतात. अमेरिकेत दीड टनाच्या रिकाम्या मोटारीला ब्रेक लागतो. ऊसतोड कामगारांच्या संघटना आणि साखर संघ यांच्यात दरांचा करार होतो, त्यात तोडणीचा दर आणि मुकादमाचे कमिशन यांवर बोलणी होतात. पुढच्या कराराच्या वेळी संघटनांनी आणखी दोन कलमे मांडावीत: गावाहून कामगारांना नेणाऱ्या-आणणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला ब्रेक आणि साखळी, आणि घाटात माणसांसाठी वेगळी गाडी. खर्च कारखान्याने सोसायचा की वाहनमालकाने, ते त्यांनी आपसांत ठरवावे. कामगाराच्या उचलीतून मात्र तो कापला जाऊ नये.