किल्ली किती बिटांची असावी?

नेटवर्कवरून जाणारी माहिती कुलूपबंद करणारी किल्ली म्हणजे शून्य आणि एक या अंकांची रांग. रांगेत एक बिट वाढला की शक्य किल्ल्यांची संख्या दुप्पट होते. म्हणूनच १२८ बिटांची किल्ली शोधणे हे ५६ बिटांच्या किल्लीपेक्षा सव्वादोन पट नव्हे, तर सुमारे पावणेपाच कोटी कोटी कोटी पट अवघड ठरते.

५६ बिट किती तोकडे आहेत, हे जुलै १९९८ मध्ये सर्वांना दिसले. अमेरिकेने १९७७ मध्ये प्रमाण मानलेल्या डीईएस पद्धतीची किल्ली तेवढीच होती. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने अडीच लाख डॉलरच्या आत एक यंत्र बांधले आणि एकेक किल्ली लावून पाहत ५६ तासांत संदेश उलगडला. २००१ मध्ये डीईएसच्या जागी आलेल्या एईएसमध्ये १२८, १९२ किंवा २५६ बिटांची किल्ली असते. रोजच्या व्यवहाराला १२८ पुरतात.

मात्र आरएसए या सार्वजनिक किल्लीच्या पद्धतीचे बिट वेगळ्या मापाने मोजावे लागतात. तिथे सगळ्या किल्ल्या लावून पाहायची गरजच नसते. एका प्रचंड संख्येचे मूळ अवयव सापडले की काम झाले. ८२९ बिटांची अशी संख्या २०२० मध्ये फोडली गेली. एईएसच्या १२८ बिटांची बरोबरी करायला आरएसएला ३०७२ बिट लागतात, तर लंबवर्तुळी वक्रांवर आधारलेल्या पद्धतीला २५६ पुरतात. आरएसएची किल्ली वाढवली की सर्व्हरवरचा गणिताचा भारही कित्येक पटींनी वाढतो.

त्यामुळे आधी विचारायला हवे ते हे, की माहिती किती काळ गुप्त राहायला हवी? ओटीपी काही मिनिटांत निरुपयोगी होतो; रुग्णाचा जनुकीय अहवाल जन्मभर झाकलेला राहायला हवा. आज साठवून ठेवलेला सांकेतिक मजकूर उद्याच्या क्वांटम संगणकावर उघडता येईल, ही धास्ती खरी आहे. एईएसला २५६ बिटांचा आधार आहे. आरएसए आणि वक्रांच्या पद्धतींना लांबी वाढवून तरणोपाय नाही. त्यासाठीच अमेरिकेच्या निस्ट संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये एमएल-केम हे नवे प्रमाण जाहीर केले.

आणि लांबी कितीही असो, किल्ली खरोखर अंदाजाबाहेरची हवी. डेबियन लिनक्समधल्या एका चुकीच्या बदलामुळे २००६ ते २००८ या काळात ठरावीक प्रकारच्या आणि लांबीच्या किल्ल्या जेमतेम ३२ हजारच निघू शकत होत्या. २०४८ बिटांची दिसणारी किल्ली प्रत्यक्षात १५ बिटांइतकीच मजबूत होती, आणि अशा सगळ्या किल्ल्या रद्द करून नव्या घ्याव्या लागल्या.