स्वदेशी द्रव्य आणि रुग्णाचा खिसा

काष्ठौषधींच्या खरेदीला गेलो की व्यापारी आपल्यापुढे दोन पुड्या उघडून ठेवतो. एक ‘देशी’, दुसरी ‘बाहेरची’. देशी मालाचा दर कधी दीडपट, कधी दुप्पट, तर क्वचित पाचपटही असतो. स्वदेशीचा अभिमान सांगतो की पहिली पुडी उचलावी. दवाखान्याचा हिशेब सांगतो की दुसरी बरी. या दोहोंच्या पलीकडे तिसरा एक पक्ष असतो, तो त्या वेळी दुकानात हजर नसतो. तो म्हणजे आपला रुग्ण. औषध त्याच्या पोटात जाणार आणि त्याचे मूल्यही तोच देणार. या तिघांचा मेळ कसा घालावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

स्वदेशीची भावना आपल्या व्यवसायाला नवी नाही. १९०५ मध्ये स्वदेशीचे आंदोलन पेटले आणि १९०७ मध्ये नाशिक येथे वैद्य शंकर दाजी शास्त्री पदे यांच्या पुढाकाराने आयुर्वेद महासंमेलनाचे पहिले अधिवेशन भरले. दोन्ही प्रवाह एकाच काळात वाहत होते. त्यामुळे ‘आयुर्वेद म्हणजे स्वदेशी’ हे समीकरण आपल्या मनात घट्ट बसले आहे. ते चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. औषधी द्रव्यांच्या बाबतीत आपल्या ग्रंथकारांची दृष्टी याहून सूक्ष्म होती.

ग्रंथकारांची दृष्टी

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात उत्तम द्रव्याचे चार गुण सांगितले आहेत : बहुता, योग्यत्व, अनेकविध कल्पना आणि संपत्. द्रव्य विपुल मिळावे, व्याधीस योग्य असावे, त्याच्या नाना कल्पना करता याव्यात आणि ते रसवीर्यादींनी संपन्न असावे. या यादीत ‘स्वदेशीय’ असा पाचवा गुण नाही. मात्र ‘संपत्’ या गुणात भूमीचा विचार येतोच, कारण कोणत्या देशात आणि कोणत्या ऋतूत द्रव्य उपजले यावर त्याचे वीर्य अवलंबून असते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण भावप्रकाशात सापडते. भावमिश्रांनी कुंकुमाचे, म्हणजे केशराचे, देशपरत्वे तीन प्रकार केले. काश्मीरचे सूक्ष्म, आरक्त आणि पद्मगंधी केशर उत्तम. बाल्हीक देशाचे पांडुर व केतकीगंधी ते मध्यम. पारसीक देशाचे जाड तंतूंचे आणि मधुगंधी ते अधम. येथे प्रतवारी देशाच्या नावाने केली असली तरी वर्ण, गंध आणि तंतूची सूक्ष्मता ही तिची कारणे सोबत दिलेली आहेत. ‘आपले म्हणून उत्तम’ असे भावमिश्र म्हणत नाहीत.

त्याच ग्रंथात परदेशी द्रव्यांचे स्वागतही आहे. हिंगाला बाल्हीक हे नाव त्याच्या मायभूमीवरून पडले. खुरासानी ओव्याला आपण पारसीक यवानी म्हणतो. चोपचिनी तर द्वीपांतर वचा या नावाने फिरंग रोगाच्या चिकित्सेसाठीच निघंटूत आली. याच चोपचिनीचे वर्णन गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात केले आहे. म्हणजे रोग बाहेरून आला, त्यावरील द्रव्यही बाहेरून आले, आणि आपल्या पूर्वसूरींनी पारखून ते स्वीकारले. आयात हा शब्द आपल्या शास्त्राला कधीच अस्पृश्य नव्हता. प्रश्न नेहमी पारखीचा होता.

नाम एक, द्रव्य दोन : दालचिनी

ही पारख आज सर्वांत अधिक कोठे लागत असेल तर ती दालचिनीत. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात त्वक् म्हणून सांगितलेली साल सिनॅमोमम झेलॅनिकम या वृक्षाची आहे. तिची नळी पातळ, ठिसूळ आणि आत अनेक पदरांची असते. बाजारात दालचिनी म्हणून पुष्कळदा जी जाड, कडक, एकपदरी साल मिळते ती चीन, व्हिएतनाम वा इंडोनेशियातून येणाऱ्या कॅशियाची असते. ती स्वस्त आहे, पण ती स्वस्त दालचिनी नव्हे. ते वेगळेच द्रव्य आहे.

कॅशियात कुमारिन हा घटक पुष्कळ प्रमाणात असतो, खऱ्या दालचिनीत तो नाममात्र असतो. काही संवेदनशील व्यक्तींमध्ये कुमारिन यकृतास बाधक ठरते. जर्मनीतील शासकीय जोखीम-मूल्यमापन संस्थेने दररोज शरीरभाराच्या प्रतिकिलो ०.१ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा मानली असून ६० किलो वजनाच्या व्यक्तीने नित्य २ ग्रॅमहून अधिक कॅशिया घेऊ नये, असे सांगितले आहे. मधुमेहाचे कित्येक रुग्ण ऐकीव माहितीवरून रोज चमचाभर दालचिनीचे चूर्ण घेतात. त्यांना आपण ‘कोणती दालचिनी?’ असे विचारतो का?

आता दराचा विचार करू. सितोपलादि चूर्णात सितोपला १६, वंशलोचन ८, पिप्पली ४, एला २ आणि त्वक् १ असे एकूण ३१ भाग असतात. गणितापुरते कॅशियाचा दर किलोला ३०० रुपये आणि खऱ्या दालचिनीचा १५०० रुपये, म्हणजे पाचपट, धरू. ३१ ग्रॅम चूर्णात त्वक् १ ग्रॅम असल्याने फरक पडतो १ रुपया २० पैसे. दिवसाला ६ ग्रॅम घेणाऱ्या रुग्णाला हे चूर्ण पाच दिवस पुरते. महिन्याचा वाढीव खर्च झाला सुमारे ७ रुपये २० पैसे. पाचपट दर ऐकून आपण दुकानात दचकतो, परंतु रुग्णाच्या पुडीपर्यंत येईतो तो फरक एका चहाइतका उरतो. हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे की एवढ्या अल्प मात्रेत कुमारिनचे भय बाळगण्याचे कारण नाही. येथे प्रश्न विषाचा नसून सत्याचा आहे. पुडीवर त्वक् लिहिले तर आत त्वक् असावी.

सुदैवाने खरी दालचिनी कोकणात पिकते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ ही जात दिली असून नारळाच्या बागेत मिरी व जायफळाच्या सोबतीने तिची लागवड होते. अशा बागायतदाराकडून थेट साल घेणे शक्य असेल तर अवश्य घ्यावी. ती न मिळाल्यास श्रीलंकेची घ्यावी. श्रीलंकेची साल आयात आहे, तरीही ग्रंथोक्त आहे. ‘देशी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या भलत्याच सालीपेक्षा ती शतपटीने बरी.

पर्याय नाही तेथे : हिंग आणि ज्येष्ठमध

काही द्रव्यांत निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही. हिंग ज्या वनस्पतीच्या मुळाचा निर्यास आहे ती थंड व कोरड्या प्रदेशातील आहे. भारत दरवर्षी सुमारे १२०० टन कच्चा हिंग अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तान येथून आणत असल्याचे २०२० मध्ये सांगितले गेले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला हिमाचलातील लाहौल खोऱ्यात क्वारिंग गावी पालमपूरच्या संशोधन संस्थेने हिंगाचे रोप लावले. निर्यास देण्याजोगे होण्यास या झाडाला सुमारे पाच वर्षे लागतात. हा उपक्रम अभिनंदनीय आहे, पण तेवढ्यावर आपले हिंग्वष्टक चालणार नाही.

येथे ‘देशी की विदेशी’ यापेक्षा ‘शुद्ध की बांधानी’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. बांधानी हिंगात डिंक आणि पीठ मिसळलेले असते. स्वयंपाकात ते चालते. औषधात मात्र आपण हिंगाच्या दराने पीठ विकत घेतो आणि रुग्णास हिंगाची मात्रा म्हणून पीठ देतो.

ज्येष्ठमधाचीही हीच गत आहे. इराण, अफगाणिस्तान व मध्य आशियातून तो येतो. आपल्या रानातील गुंजेचे मूळ त्यात मिसळले जाते. म्हणजे येथे बाहेरचा माल अस्सल आणि देशी माल भेसळीचा! एप्रिल २०२५ मध्ये अटारी येथील तपासणी नाके बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा अफगाण मालाच्या या जुन्या वाटेवर आपण किती विसंबून आहोत हे ध्यानी आले. देशात लागवड वाढावी ती याकरिता. तिचे कारण अभिमानाहून अधिक पुरवठ्याच्या स्थैर्यात आहे.

देशी असूनही महाग : गुग्गुळ

गुग्गुळ आपलाच. कच्छ आणि राजस्थानच्या जांगल देशात तो होतो. परंतु अधिक निर्यास मिळावा म्हणून बुंध्यावर खोल घाव घालून रसायने भरण्याची रीत पडली. असे झाड निर्यास देते आणि मरते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ही वनस्पती आज अतिसंकटग्रस्त आहे. येथे स्वस्त देशी गुग्गुळाची किंमत झाड चुकवते आणि पुढील पिढीचा वैद्य चुकवणार आहे. लागवडीतून, योग्य छेद देऊन काढलेल्या गुग्गुळाला अधिक दर द्यावा लागला तर ती उधळपट्टी नव्हे. चरकाचार्यांच्या ‘बहुता’ या गुणाचे ते रक्षण आहे.

केवळ नावाचे मोल

जास्त पैसे मोजले की कर्तव्य झाले, असे मात्र समजू नये. आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. व्यवसायाच्या प्रारंभीच्या काळात आम्ही ‘अस्सल काश्मिरी’ म्हणून दुप्पट दराने केशर घेतले. भावप्रकाशाचे स्मरण होते, मनात अभिमानही होता. घरी आल्यावर दोन तंतू कोमट पाण्यात टाकले. पाणी क्षणात लाल झाले आणि तंतू पांढरे पडले. खरे केशर सावकाश रंग सोडते, पाणी पिवळे करते आणि तंतू आपला रंग टिकवून ठेवतो. आमचे केशर काश्मिरी नव्हते, पारसीकही नव्हते, ते केशरच नव्हते. आधी दोन तंतू भिजवून पाहिले असते तर दुप्पट दराचा आग्रहही धरला नसता. भावमिश्रांची तीन नावे आम्हास पाठ होती. लक्षणांकडे आमचे दुर्लक्ष झाले होते.

जगातील बहुतांश केशर आज इराणात पिकते. काश्मिरी केशरास २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याने नावाचा आधार थोडा पक्का झाला आहे. तरीही परीक्षा आपलीच. केशर परवडत नसेल तर भावमिश्रांनीच कुसुंभाचे, म्हणजे करडईचे, फूल प्रतिनिधी म्हणून सांगितले आहे. सांगून दिले तर तो प्रतिनिधी, न सांगता दिले तर ती भेसळ. योगातील प्रधान द्रव्यास मात्र प्रतिनिधी घेऊ नये, ही मर्यादाही त्यांनीच घातली आहे.

मधाचेही असेच. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने तपासलेल्या १३ नाममुद्रांपैकी केवळ ३ सर्व कसोट्यांस उतरल्या. तपासणी चुकविण्यासाठीच बनविलेला साखरेचा पाक चीनमधून येत असल्याचे त्या केंद्राने दाखवून दिले. बाटलीवर देशी नाव, आत परदेशी पाक! महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. जेथे पेटी आणि मधपाळ दिसतो तेथला मध महाग पडला तरी त्या दराला अर्थ आहे.

भार कोणी सोसावा

काही वर्षांपूर्वी आम्ही सर्वच घटक उत्तम प्रतीचे घेण्याचे ठरविले. नैसर्गिक वंशलोचन आणताच सितोपलादिचा दर बराच वाढला. शेतमजुरी करणारी एक माता आपल्या कासग्रस्त मुलासाठी ते नेत असे. पुढच्या भेटीत मुलास उपशय दिसला नाही. खोदून विचारता तिने खाली मान घालून सांगितले, “डॉक्टर, पुडी महाग झाली म्हणून अर्धीच देते. तेवढीच दोन दिवस जास्त पुरते.”

द्रव्य उत्तम होते, योग ग्रंथोक्त होता, मात्रा मात्र हीन झाली होती. आमच्या शुद्धतेच्या आग्रहाचा खर्च त्या मुलाने सोसला. त्या दिवसापासून आम्ही द्रव्याची प्रत उतरविली नाही, परंतु ज्यास परवडत नाही त्याच्याकडून आपले शुल्क कमी घेण्यास आरंभ केला. स्वदेशीचा वा शास्त्राचा अभिमान वैद्याचा असेल तर त्याचे मोल प्रथम वैद्याने द्यावे.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

१) दोन्ही पुड्यांत एकच द्रव्य आहे काय? नसेल तर दराची तुलनाच व्यर्थ आहे. ग्रंथोक्त द्रव्य घ्यावे, मग ते कोठलेही असो.

२) एकच असेल तर प्रत कशी आहे? वर्ण, गंध, रस व साध्या परीक्षा स्वतः कराव्यात. नावावर विसंबू नये.

३) किलोमागे नव्हे, तर रुग्णाच्या एका महिन्याच्या मात्रेमागे किती फरक पडतो?

४) वाढीव पैसा कोणाच्या हाती जातो? शेतकरी, मधपाळ किंवा संकलक यांच्या हाती जात असेल तर द्यावा. केवळ वेष्टनावरील शब्दाला देऊ नये.

५) त्या दराने रुग्ण पूर्ण मात्रा घेऊ शकेल काय? नसेल तर आपण किती भार उचलणार?

पाचही प्रश्नांची उत्तरे समान असतील तर देशी पुडीच उचलावी, थोडी महाग असली तरी. आपल्या भूमीत आज औषधी पिकविणारा शेतकरी टिकला तरच उद्या आपल्याला निवड उरेल. एकट्या वैद्याची मागणी अर्ध्या किलोची असते, तिच्यासाठी कोणी बाग लावणार नाही. एका तालुक्यातील दहा वैद्यांनी एकत्र येऊन हंगामापूर्वी मागणी नोंदविली तर दलालाचा वाटा वाचतो, शेतकऱ्यास खात्री मिळते आणि देशी द्रव्याचा दरही उतरतो. आपल्या संघटनेच्या शाखांनी दालचिनीपासून याचा आरंभ करून पाहावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

इत्यलम्.