माळावरचे घर वणव्यातून कसे वाचते

पिंपळीच्या आसपास नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा असतो, पण बारामती तालुक्याच्या जिरायत भागात सुपे-शिर्सुफळकडे किंवा इंदापूर तालुक्यात कडबनवाडीकडे वळले की उघडा माळ सुरू होतो. हा माळ पडीक नाही. चिंकारा, लांडगा, खोकड, तरस यांचे ते हक्काचे घर आहे. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये याच गवताळ रानासाठी जाहीर झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर आहे. अलीकडे वन विभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे गवताळ सफारी सुरू केली, आणि पाहुणा आला की त्याच्या मुक्कामाची सोय लागतेच. रानाच्या कडेला निवास, तंबू, शेतघरे उभी राहणार हे उघड आहे. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये माळ पेटला तर या घरांचे काय होईल, हा प्रश्न आजच विचारायला हवा. ‘नशिबात असेल तर वाचेल’ किंवा ‘बंब येईल’ ही नेहमीची उत्तरे आहेत, आणि दोन्ही चुकीची आहेत. रानातले घर वाचते की जळते हे बहुतेक वेळा वणवा लागण्यापूर्वीच, घराच्या भोवतालच्या तीस मीटरांत आणि खुद्द घराच्या बांधणीत ठरलेले असते.

हे समजायला आग घरापर्यंत कशी पोचते ते पाहावे लागते. वणवा म्हणजे पुढे सरकत येणारी आणि समोरचे सगळे गिळणारी ज्वाळांची भिंत, असे चित्र आपल्या मनात असते. प्रत्यक्षात ज्वाळांची आच अंतराबरोबर झपाट्याने कमी होते. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी कॅनडाच्या उत्तरेकडील जंगलात मुद्दाम लावलेल्या प्रचंड आगींसमोर लाकडी भिंती उभ्या करून पाहिल्या. दहा मीटरवरच्या काही भिंतींनी पेट घेतला, तीस मीटरवरच्या भिंतींनी नाही. आणि ती आग उंच झाडांच्या शेंड्यांवरून धावणारी होती. आपल्या माळावरची कुसळी पौषात वाळून कोळ होते आणि भडकन पेटते खरी, पण तेवढ्याच लवकर जळून विझते. गवताची आग एका जागी फार वेळ थांबत नाही. मग घरे जळतात कशाने? ठिणग्यांनी. वाऱ्यावर उडालेले निखारे ज्वाळांच्या कितीतरी पुढे जाऊन पडतात आणि छपरावरच्या पाचोळ्यात, कौलांच्या फटीत, भिंतीला टेकवलेल्या सरपणात धुमसत राहतात. वणवा पुढे निघून गेल्यावर तासाभराने घर पेटते, तेव्हा त्याच्याकडे पाहायला कोणी उरलेले नसते.

दगडी घराला काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातील स्पेरी शॅले हे निवासस्थान आठवावे. १९१३ च्या सुमारास बांधलेली ही दोन मजली इमारत जाड दगडी भिंतींची होती. पायवाटेनेच पोचता येईल अशा डोंगरात ती उभी होती. २०१७ च्या ऑगस्टअखेर वणवा जवळ आला तेव्हा जवान पंप आणि पाण्याचे पाइप घेऊन तिथे हजर होते. तरीही एक निखारा वळचणीखाली शिरला, धूर दिसेपर्यंत आग आत पसरली आणि दगडी भिंती तेवढ्या उरल्या. उलट उदाहरण कॅनडातील जॅस्परचे आहे. जुलै २०२४ मधल्या वणव्यात त्या गावातील साडेतीनशेहून अधिक इमारती, म्हणजे सुमारे तीस टक्के गाव जळाले. सरोवराकाठच्या जॅस्पर पार्क लॉजच्या काही इमारती गेल्या, पण मुख्य इमारत आणि बहुतेक निवास वाचले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात लॉज पुन्हा उघडले. एकाच वणव्यात एक घर राख होते आणि शेजारचे उभे राहते, ते प्रत्येक वेळी दैवाने होत नाही. ठिणगीला पेटवायला काही मिळाले की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

आता बारामती-इंदापूरच्या माळावरचे एखादे शेतघर डोळ्यांसमोर आणा. गोठ्याच्या कुडाला लागूनच कडब्याची गंज रचलेली आहे, कारण वैरण जवळ हवी. गोठ्यावर उसाच्या पाचटाचे छप्पर आहे. पन्हळीत लिंबाचा पाला साठला आहे, खिडकीखाली तुरकाट्यांचा भारा आणि शेजारी गॅसची टाकी. अशा घराला वणवा लागत नाही, एक ठिणगी पुरते. उपाय मात्र यातल्या प्रत्येक गोष्टीला जागा बदलायला लावण्याइतका सोपा आहे. भिंतीपासून दीड-दोन मीटर निव्वळ मुरूम किंवा फरशी, जळण्याजोगे काही नाही. गंज आणि सरपण घरापासून लांब, भोवती नांगरटीचा पट्टा काढून. झाडांच्या खालच्या फांद्या छाटलेल्या, पन्हळी झाडलेल्या, वळचणीच्या फटी बारीक तारेच्या जाळीने बंद केलेल्या. त्यापुढे तीस मीटरपर्यंत गवत आखूड ठेवायचे. घर चढावर असेल तर उताराच्या बाजूला हे अंतर वाढवावे, कारण आग चढाला अधिक वेगाने धावते.

बंब कशासाठी आहेत, असे कोणी विचारेल. बंब हवेतच, पण माळावरच्या वाटा, पाण्याचे अंतर आणि वाळल्या गवताचा वेग पाहता ते बहुधा उशिरा पोचतात. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचे संदेश मोबाइलवर मिळतात, आणि मोठ्या जंगलासाठी ती सोय मोलाची आहे. पण उपग्रह दिवसातून काहीच वेळा डोक्यावरून जातो. दोन फेऱ्यांच्या मध्ये लहान माळ पेटून विझूनही जातो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: घर वाचवायला रानच तासायचे का? दहा मीटर लांबी-रुंदीच्या घराभोवती तीस मीटर सोडले तर सुमारे एक एकर जागा होते. ती उजाड करायची नाही, तिथले गवत उंच वाढू द्यायचे नाही एवढेच. मालकीच्या जमिनीत हे काम धनगरांची मेंढरे उत्तम करतात; आपल्या माळाला चराई नवी नाही. आणि ज्याला हे एक एकरही आपल्या जमिनीत मिळत नसेल, त्याने तिथे घर बांधू नये. गवतात खोल शिरून बांधण्यापेक्षा कडेला, पडीक शेतात बांधावे.

तिसरा आक्षेप गावाकडून येतो: माळ जाळला की गवत जोमाने फुटते, मग वणव्याचा एवढा बाऊ कशाला? पावसानंतर कोंब फुटतात हे खरे, पण फेब्रुवारीत जळालेला चारा जूनपर्यंत जनावरांना मिळत नाही. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची घरटी जातात आणि उघडी माती वळवाच्या पहिल्या सरीत वाहून जाते. वन विभागही जाळरेषा जाळतो, पण ती थंडीत, ठरावीक पट्ट्यात, माणसे उभी करून. वाऱ्याच्या दुपारी बांधावरचे पाचट पेटवून घरी जाणे ही वेगळी गोष्ट आहे. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्या हातूनच लागतात, आणि राखीव वनात आग लावणे १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे.

म्हणून रानाच्या कडेला पाहुणे ठेवणाऱ्याची जबाबदारी दुहेरी आहे: वणव्याने त्याचे घर जळू नये आणि त्याच्या घरातून वणवा लागू नये. शेकोटीसाठी उघड्या गवतात जागा देणारा निवासमालक दुसऱ्या बाबतीत नापास आहे. वन खात्याचा वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून मानला जातो. घराभोवतीचे काम त्याआधी, दिवाळीनंतर गवत पिवळे पडू लागताच व्हायला हवे. पर्यटनाला परवानगी देताना या कामाची पाहणी बंधनकारक करावी, आणि हाच नियम ग्रामसभेने वस्तीवरच्या गोठ्यांनाही समजावून द्यावा. त्याला पैसा कमी आणि चार दिवसांची मेहनत जास्त लागते, त्यामुळे तो श्रीमंतांच्या निवासापुरता राहण्याचे कारण नाही. घर स्वतःच्या बळावर उभे राहील अशी खात्री असली, तर वणव्याच्या दिवशी गावातली माणसे आणि वन कर्मचारी घर वाचवण्यात अडकणार नाहीत. त्यांचे सगळे हात माळ वाचवायला मोकळे राहतील.